बेस गिटार टॅब

बेस गिटारवर गाणी शिकण्यासाठी वापरली जाणारी, आकड्यांवर आधारलेली लेखनपद्धती. पूर्ण नाव टॅब्लेचर. वादक सरसकट ‘टॅब’ म्हणतात. स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) कोणता स्वर वाजवायचा ते लिहिलेले असते, टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचे ते. स्वरांची नावे ठाऊक नसलेला माणूसही पहिल्याच बैठकीत एखादी ओळ वाजवू शकतो, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली.

चार आडव्या रेषा म्हणजे वाद्याच्या चार तारा. सर्वांत वरची रेषा बारीक जी तारेची, मग डी, ए आणि तळाशी जाड ई. वाद्य हातात धरल्यावर जाड तार वर येते, त्यामुळे नवशिक्याला टॅब उलटी वाटते; गिटार मांडीवर आडवी, तारा वर करून ठेवली की क्रम जुळतो. रेषेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी कितव्या पट्टीशी तार दाबायची ते. ० म्हणजे मोकळी, न दाबलेली तार. उदाहरणार्थ :

जी |--------------२--|
डी |------२---५------|
ए- |--३--------------|
ई- |-----------------|

डावीकडून उजवीकडे वाचले की सी, ई, जी, ए हे चार स्वर येतात. ‘एच’ म्हणजे हॅमर-ऑन (तार पुन्हा न छेडता डाव्या हाताचे बोट आपटून काढलेला वरचा स्वर), ‘पी’ म्हणजे पुल-ऑफ (तसेच बोट ओढून उचलत काढलेला खालचा स्वर), तिरकी रेघ म्हणजे स्लाइड (बोट तारेवरून सरकवणे) आणि फुली म्हणजे तारेवर बोट नुसते टेकवून काढलेला, सूर नसलेला ठोका. फंक या ठेकेदार संगीतप्रकारात या फुल्यांवरच सगळी मजा असते, आणि घाईत टॅब लिहिणारे नेमक्या त्याच गाळतात.

ही कल्पना जुनी आहे. व्हेनिसमध्ये ओत्ताव्यानो पेत्रुच्ची याने १५०७ मध्ये ल्यूट या तंतुवाद्याची टॅब्लेचर छापली होती. तिच्यात रेषांच्या वर काळ दाखवणाऱ्या खुणा असत. फेंडर कंपनीचा फ्रेट असलेला प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. फ्रेटमुळे प्रत्येक स्वराची जागा ठरून गेली आणि आकड्यांनी लिहिणे सोयीचे झाले. पुढे संगणकावर साध्या अक्षरांत टॅब टंकल्या जाऊ लागल्या, तेव्हा काळाच्या त्या खुणा बहुतेक ठिकाणी गळाल्या.

टॅबची खरी उणीव हीच, आणि तिचा फटका सर्वाधिक बेसलाच बसतो. वरच्या उदाहरणात चारही स्वर सारख्या अंतराने यायचे, की पहिला लांबवून उरलेले तीन झटपट, हे आकडे सांगत नाहीत. बेसवादकाचे निम्मे काम ड्रमच्या किकशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याशी) जुळवून घेण्याचे. स्वर किती वेळ धरायचा आणि कुठे तोडायचा यावर गाण्याचा झोक ठरतो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण न ऐकता नुसत्या टॅबवरून बसवलेले गाणे बरोबर असूनही ओळखू येत नाही.

दुसरी अडचण जागेची. डी तारेच्या ५ व्या फ्रेटवरचा जी हाच स्वर मोकळ्या जी तारेवर, ए तारेच्या १० व्या आणि ई तारेच्या १५ व्या फ्रेटवरही मिळतो. उंची तीच, पण जाड तारेवर आवाज गडद, मोकळ्या तारेवर खुला. टॅब लिहिणाऱ्याने त्यांतली एक जागा निवडलेली असते. मूळ वादकाने तीच वापरली असेल असे नाही. हात उगाच वरखाली धावत असेल तर जागा बदलून पाहावी. कोणते बोट वापरायचे तेही टॅब सहसा सांगत नाही. मानेच्या वरच्या स्वरांच्या, वाद्याच्या धडाजवळच्या भागात एका फ्रेटला एक बोट ही रीत सोयीची. खालच्या स्वरांकडे, खुंट्यांजवळ, फ्रेटमधले अंतर मोठे असल्याने अनेक जण अनामिका स्वतंत्र न वापरता करंगळीच्या आधाराला ठेवतात.

शिकताना आधी ट्यूनिंग पाहावे, कारण ई तार डीपर्यंत उतरवलेली असेल तर तिच्यावरचे सगळे आकडे बदलतात. मग गाणे हेडफोनवर ऐकावे: मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्‌झ असते, आणि फोनच्या छोट्या स्पीकरला ती पेलत नाही. बेसची ओळ गुणगुणता येऊ लागल्यावर एकेक बार (तालाचे एक आवर्तन) मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्रावर, संथ लयीत बसवावा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून चालवावे. टॅब आणि कान यांचे पटले नाही, तर कानाचे ऐकावे.

इंटरनेटवरील बहुतेक टॅब हौशी वादकांनी ऐकून लिहिलेल्या असल्याने त्यांत चुका सर्रास आढळतात. १९९२ मध्ये सुरू झालेला ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह हा जुना संग्रह संगीत प्रकाशकांच्या स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे २००६ मध्ये बंद पडला. गिटार प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टॅबसोबत स्टाफ नोटेशन दिसते आणि ओळ वाजवूनही ऐकता येते, त्यामुळे काळाचा प्रश्न बराचसा सुटतो. पाच तारी बेसच्या टॅबमध्ये तळाशी बी तारेची आणखी एक रेषा असते.