युद्धगुन्हे न्यायालयांचा निधी : ऐच्छिक देणग्या आणि तूट

युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा खर्च दोन मार्गांनी भागवला जातो. एका मार्गात प्रत्येक सदस्य देशाच्या वाट्याला ठरावीक वर्गणी येते आणि ती भरणे त्याच्यावर बंधनकारक असते. दुसऱ्या मार्गात देश आपखुशीने देणग्या देतात. माजी युगोस्लाव्हिया (१९९३) आणि रवांडा (१९९४) यांच्यासाठीची न्यायाधिकरणे पहिल्या मार्गाने चालली. त्यांचा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांच्या वर्गणीतून येई. पण खटले वर्षानुवर्षे लांबले, खर्च फुगत गेला आणि मोठे वर्गणीदार देश कुरकुर करू लागले. पुढच्या न्यायालयांची तिजोरी देणगीदारांच्या मर्जीवर सोपवली गेली, ती या नाराजीतून.

सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकी देशातील यादवी युद्धाच्या गुन्ह्यांसाठीचे विशेष न्यायालय हे त्याचे ठळक उदाहरण. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २००० मध्ये ठराव क्र. १३१५ करून त्याला चालना दिली. निव्वळ देणग्यांवर न्यायालयाला खात्रीचा, अखंड निधी मिळणार नाही, असा इशारा संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांनी तेव्हाच दिला होता. परिषदेने तो मानला नाही. संयुक्त राष्ट्रे आणि सिएरा लिओन यांच्या जानेवारी २००२ च्या करारात एक अट मात्र आली : उभारणीचा व पहिल्या १२ महिन्यांचा खर्च हातात आणि त्यापुढच्या २४ महिन्यांची आश्वासने पदरात असतील, तरच कामाला सुरुवात करायची. तीन वर्षांचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ११ कोटी ४० लाख डॉलरचा होता. तो कापून जवळजवळ निम्म्यावर आणला गेला. खटल्यांचे काम मात्र निम्मे झाले नव्हते.

तूट पडली तर काय, याची तरतूदही त्याच करारात आहे. देणग्या अपुऱ्या पडल्यास महासचिव आणि सुरक्षा परिषद यांनी पर्यायी मार्ग शोधावेत, असे कलम ६ सांगते. ती वेळ दोन वर्षांत आली. २००४ मध्ये महासचिवांनी सदस्य देशांच्या वर्गणीचा पैसा वाटणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेकडे ४ कोटी डॉलरपर्यंतचे अनुदान मागितले. म्हणजे ज्या सक्तीच्या वर्गणीचा मार्ग आधी नाकारला होता, त्याच वर्गणीतून न्यायालय तगवावे लागले. आरोपी असलेले लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा खटला नेदरलँड्समधील हेगला हलवल्यानंतर, २०१० च्या अखेरीस, आमसभेला पुन्हा हात सैल करावा लागला.

टंचाई न्यायालयात नेमकी कुठे बोचते, हे कंबोडियात दिसले. तिथल्या, देणग्यांवरच अवलंबून असलेल्या न्यायालयात ख्मेर रूज या १९७०च्या दशकातील राजवटीच्या नेत्यांवरील खटले ख्मेर, इंग्रजी आणि फ्रेंच या तीन भाषांत चालत. दुभाषे नसतील तर साक्षीदाराचा एक शब्दही न्यायाधीशांपर्यंत पोहोचत नाही. मार्च २०१३ मध्ये पगार थकलेल्या स्थानिक दुभाष्यांनी काम थांबवले आणि सुनावणी बंद पडली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला आरोपी, ख्मेर रूजचे परराष्ट्रमंत्री इएंग सारी यांचा मृत्यू झाला. संप नसता तरी त्यांच्या हयातीत निकाल लागला असता असे नाही. पण आरोपी ऐंशी-पंचाऐंशीच्या घरात आणि पीडितही उतारवयात असताना वाया गेलेला प्रत्येक आठवडा न्यायातून वजा होतो.

माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येसारख्या हल्ल्यांचे खटले चालवणाऱ्या, म्हणजे युद्धगुन्ह्यांसाठी नसलेल्या, लेबनॉनसाठीच्या विशेष न्यायाधिकरणाची रचना वेगळी होती : ४९ टक्के खर्च लेबनॉनचा, ५१ टक्के देणग्यांचा. लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळताच हा तोल गेला. २०२१ मध्ये लेबनॉनचा वाटा भरून काढण्यासाठी आमसभेने १ कोटी ५५ लाख डॉलर मंजूर केले, तरीही १६ जूनला सुरू होणारा दुसरा खटला ऐनवेळी रद्द झाला. वर्षानुवर्षे ताटकळलेल्या पीडितांना मिळालेले कारण होते निधी नसल्याचे. या न्यायाधिकरणावरचा हा सर्वात मोठा डाग आहे.

देणगीदारांवर अवलंबून राहण्यातला खरा धोका रकमेपेक्षा खोल आहे. जो देश पैसा देतो त्याला आरोपी कोण असावेत यातही रस असू शकतो. निकाल विकत घेतले जातात असा आरोप इथे करायचा नाही. पण निबंधकाला (न्यायालयाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) दर काही महिन्यांनी राजधान्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, की न्यायालय कोणाच्या मिंध्यात आहे ही शंका लोकांच्या मनात राहतेच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने म्हणून सदस्य देशांची नेमून दिलेली वर्गणी हा पाया धरला. त्याच्या स्थापनेच्या करारातील, रोम संविधीतील, कलम ११६ खालील देणग्या केवळ जोडीला. तिथेही थकबाकी राहते, मात्र दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी साचली तर त्या देशाचा मतदानाचा हक्क जाऊ शकतो. देणगी न देणाऱ्याला अशी कोणतीच किंमत मोजावी लागत नाही.

खटले संपले तरी खर्च संपत नाही. सिएरा लिओनचे न्यायालय २०१३ च्या अखेरीस बंद झाले, पण ५० वर्षांची शिक्षा झालेले टेलर ब्रिटनमध्ये कैदेत आहेत आणि संरक्षणाचा शब्द मिळालेले साक्षीदारही आहेत. तो शब्द पाळण्याचे काम उरलेली कामे पाहणाऱ्या अवशिष्ट विशेष न्यायालयाकडे आले आहे. त्याचा खर्चही करारानुसार देणग्यांवरच ठेवला गेला, आणि त्या पुरेनाशा झाल्यावर त्यालाही आमसभेच्या अनुदानाचा आधार घ्यावा लागला.