फवारणीचा पंप, जनरेटर ठेवून देण्याआधी

डाळिंबाचा बहार उरकतो, एचटीपी पंप धुऊन शेडमध्ये जातो आणि चार महिन्यांनी दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी इंजिन दाद देत नाही. सांगोला, मोहोळ, पंढरपूरकडून अशी मशिनं आमच्याकडे दुरुस्तीला नेहमी येतात. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं, बिघडलेलं असतं ते टाकीत राहिलेलं पेट्रोल.

पेट्रोल पंपावर आता साधारण २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर होतं. इथेनॉल आपल्या उसापासूनही होतं, तेव्हा सोलापूरकरांनी त्याला सरसकट नावं ठेवणं बरं नव्हे. रोज फिरणाऱ्या गाडीत ते जुनं व्हायच्या आत संपतं. अडचण उभ्या मशिनची.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी पचवतं. ते जास्त झालं किंवा गारठा पडला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉकही तळालाच, त्यामुळे कार्बोरेटरमध्ये आधी तेच उतरतं. मग ‘पंपवाल्यानं पाणी मारलं’ अशी तक्रार होते. कधी मारलेलं असेलही, पण दरवेळी नाही. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये (गवत कापायच्या मशिनमध्ये) धोका मोठा: पेट्रोलात मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, तळातल्या थरावर इंजिन चाललंच तर वंगणाविना चालतं आणि पिस्टन जाम होतो.

उन्हाळ्यात पत्र्याखाली पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि चिकट थर उरतो. कार्बोरेटरची वाटी उघडली की कोपऱ्यात पांढरी पूड दिसते, पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटवर हिरवट डाग. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, बुजायला वेळ लागत नाही. ते तारेनं कोरू नका. भोक मोठं झालं की मशीन जास्त पेट्रोल पितं, मग जेट बदलण्यावाचून इलाज नाही. जुन्या मशिनचे रबरी पाइप आणि वायसरही फुगतात.

महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या. एचटीपीला तेव्हा पाणी जोडलेलं हवं, कोरडा फिरवू नका. शेवटी वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर गाडीत चालेल. ऑइल मिसळलेलं मात्र नको.

जुन्या पेट्रोलची शंका असेल तर काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते कशातच घालू नका. वरून नवं ओतून किंवा पेट्रोल टिकवायचं औषध (स्टॅबिलायझर) टाकून ते सुधारत नाही. औषधाचा उपयोग ताज्या पेट्रोलात.

दुरुस्तीला आणताना टाकीतलं पेट्रोल तसंच असू द्या, बघितलं की निदान लवकर होतं. एसटीनं येणार असाल तर मात्र काढूनच या. कंडक्टर चढू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.