'निगेटिव्ह' रक्त सगळ्यांना चालतं?

रक्ताच्या पिशवीवरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द आरएच (Rh) गटातल्या फक्त डी या प्रतिजनाबद्दल, म्हणजे लाल पेशींवरच्या एका खुणेबद्दल सांगतो. याच गटातले आणखी चार महत्त्वाचे प्रतिजन म्हणजे मोठा सी (C), छोटा सी (c), मोठा ई (E) आणि छोटा ई (e). पिशवीच्या लेबलावर ते बहुधा नसतात.

भारतीय रक्तदात्यांत शंभरातल्या साधारण 94 जणांत डी असतो, 85 च्या आसपास जणांत मोठा सी, 20 जणांत मोठा ई आणि जवळजवळ सगळ्यांत छोटा ई. छोटा सी मात्र जेमतेम 55 ते 60 जणांत सापडतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो 80 जणांत असतो. म्हणजे आपल्याकडे छोटा सी नसलेले रुग्ण खूप आहेत. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याच्या पेशींवर छोटा सी नसेल आणि चढवलेल्या रक्तात असेल, तर त्याविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. अशा मुलाला 'निगेटिव्ह द्या, ते कुणालाही चालतं' म्हणून ओ निगेटिव्ह लावणं धोक्याचं आहे, कारण डी नसलेल्या जवळपास प्रत्येक रक्तदात्यात छोटा सी असतोच!

पिशव्या किती तपासाव्या लागतील, हा हिशोबही फसवा आहे. छोटा सी आणि मोठा ई दोन्ही नको असतील, तर दोन टक्केवाऱ्यांचा गुणाकार करून उत्तर येत नाही. हे प्रतिजन जोडीनेच वारशाने येतात. छोटा सी नसलेल्यांत मोठा ई क्वचितच आढळतो. त्यामुळे एकाच रक्तगटाच्या पाच पॉझिटिव्ह पिशव्यांत सहसा दोन चालणाऱ्या मिळतात. छोट्या ईविरुद्ध प्रतिपिंड असतील, तर मात्र शंभरात दोन-तीनच.

तपासणी सोपी आहे. नळीत अँटिसेरमचा (त्या प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड असलेल्या द्रवाचा) एक थेंब, सलाइनमधल्या 2 ते 5 टक्के पेशींचा एक थेंब, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाची गुठळी हळूच हलवायची. पेशी सुट्या होऊन पसरल्या तर प्रतिजन नाही, गोळा तसाच राहिला तर आहे. सोबतच्या कंट्रोलला, म्हणजे अँटिसेरम नीट चालतं का हे पाहणाऱ्या नळीला, मोठा आणि छोटा सी दोन्ही असलेल्या पेशी घ्याव्यात. अशा पेशींवर प्रत्येक प्रतिजन एकाच पालकाकडून, म्हणजे एकेरी मात्रेत आलेला असतो; त्यावरची प्रतिक्रिया कमजोर असते, म्हणून मवाळ पडलेलं अँटिसेरम तिथेच पकडलं जातं.

रुग्णाची तपासणी पहिली पिशवी लावण्याआधीच करावी. नंतर तीन महिने दात्याच्या पेशी मिसळलेल्या राहतात आणि नळीत अर्धा गोळा, अर्ध्या सुट्या पेशी दिसतात. प्रतिपिंड सापडले की कार्डावर नोंद हवीच. काही महिन्यांत ते इतके उतरतात की क्रॉसमॅच (रुग्ण आणि दात्याचं रक्त जुळतं का याची चाचणी) व्यवस्थित जुळतं, आणि तो प्रतिजन असलेलं रक्त चढवल्यावर आठवड्याभराने कावीळ होऊन हिमोग्लोबिन घसरतं.