56 अंश आणि तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट

30 मे 2024 च्या दुपारी नागपुरात ज्याच्या त्याच्या फोनवर एकच आकडा फिरून राहिला होता, 56 अंश सेल्सिअस. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, त्याने तो दाखवला होता. सोनेगावच्या केंद्राने 54 दाखवले आणि त्याच दिवशी खापरी अन् रामटेकला मात्र 44 च्या आसपास. नंतर खात्यानेच सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता, तो आकडा धरू नका. आता समजा एखाद्या पोट्ट्याने आपल्या पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये "नागपूरचे तापमान 56 अंशांवर पोहोचले आहे" एवढंच लिहिलं, कुठलं केंद्र, कोणती तारीख, कोणी सांगितलं काहीच नाही, तर वाचणाऱ्याने ते तपासायचं कसं? माझ्या मते कॉलेजमधलं अकॅडमिक रायटिंग म्हणजे मुळात एवढंच आहे, वाचणाऱ्याला आपलं प्रत्येक विधान तपासता आलं पाहिजे. जड शब्द, "सदर", "उपरोक्त", "प्रस्तुत संशोधकाने" हे सगळं नसलं तरी चालतं.

ही पद्धत काही आजची नाही. 1665 मध्ये हेन्री ओल्डनबर्ग यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेत, विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं, आणि त्याच काळात शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल आपले हवेवरचे प्रयोग इतके बारीक लिहायचे, भांडं कसं होतं, हवा कुठून गळत होती, कोणता प्रयोग फसला, की घरी बसलेल्या माणसाला समोर उभं राहून पाहिल्यासारखं वाटावं. त्या सोसायटीचं ब्रीदच आहे की कोणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

आता तुमचा प्रोजेक्ट घेऊ. "नागपूरमधील वाढते तापमान" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला, आणि इथेच अर्धे लोक अडकतात. प्रश्न असा पाहिजे: मे महिन्यात दुपारी 2 वाजता सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालच्या रस्त्यावर आणि बर्डीच्या उघड्या रस्त्यावर हवेच्या तापमानात किती फरक असतो? हा प्रश्न दोन मित्र, दोन थर्मामीटर आणि एक गाडी यात सुटतो, आणि मग काय वाचायचं, काय सोडायचं हेही आपोआप ठरतं.

मग येते पद्धत, आणि हा भाग पोट्टे दोन ओळीत उरकून टाकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळा जीव इथेच असतो. हवामान खातं तापमान घेतं ते झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत पण वारा खेळता. तुम्ही थर्मामीटर उन्हात धरला तर तो हवेचं तापमान नाही मोजत, उन्हाने स्वतः किती तापला ते सांगतो, आणि डांबराजवळ धरला तर अजूनच वेगळं. म्हणून लिहायचं की कोणतं उपकरण, किती उंचीवर, सावलीत की उन्हात, किती मिनिटं थांबून आकडा घेतला, किती वेळा घेतला आणि दोन्ही थर्मामीटर आधी एकाच जागी ठेवून जुळतात का पाहिलं का. हे वाचून दुसऱ्या कोणाला पुढच्या मे मध्ये तेच करता आलं पाहिजे.

निष्कर्ष आणि चर्चा वेगळी ठेवा. काय मोजलं ते एका ठिकाणी, त्याचा अर्थ काय ते दुसऱ्या. "सिव्हिल लाइन्समध्ये तापमान कमी आढळले" हे मोजमाप झालं, "झाडांमुळे कमी आढळले" हा दावा झाला, आणि बर्डीवर गर्दी, गाड्या, एसीची गरम हवा, काँक्रीट हे सगळं असताना तो दावा करायला अजून पुरावा लागतो. तिथे "झाडांच्या सावलीचा वाटा असू शकतो, पण रहदारीचा परिणाम आम्ही वेगळा मोजला नाही" असं लिहिलं तर लिखाण कमजोर नाही होत, उलट परीक्षकाला दिसतं की याला कळतं.

संदर्भ देण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, पालकाची. पालकात लोह भरपूर हा समज का पसरला तर म्हणे जुन्या मोजणीत दशांश चिन्ह सरकलं आणि आकडा 10 पट झाला. 1981 मध्ये डॉक्टर टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे लिहिलं, संदर्भ न देता, आणि पुढे कितीतरी जणांनी ते उतरवलं, बऱ्याच जणांनी तर "स्रोत तपासा" हे शिकवायलाच. 2010 मध्ये संशोधक माइक सटन मूळ शोधत मागे मागे गेले तर त्या दशांशाच्या चुकीचा पुरावाच सापडला नाही. (100 ग्रॅम कच्च्या पालकात लोह असतं साधारण 2.7 मिलिग्रॅम, ते वेगळं.) म्हणून जो पेपर तुम्ही उघडून वाचला नाही त्याचं नाव यादीत टाकू नका, आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर आधी शोधूनच बघा, कारण तो कधी कधी नसलेल्या पेपरचं नाव, साल, पान नंबर अगदी छान बनवून देतो.

कॉपीचंही तसंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत थीसिसमध्ये दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, 10 ते 40 मध्ये 6 महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष सबमिटच करता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणी रद्द. पण टक्केवारी सांभाळून "मोठा" चं "विशाल" केलं तरी विचार दुसऱ्याचाच राहतो. परिच्छेद वाचा, पुस्तक बंद करा, मैत्रिणीला तोंडी सांगा, मग लिहा आणि शेवटी मूळ लेखकाचं नाव द्या.

जाडजूड स्पायरल बाइंडिंगच्या मागे लागू नका, 1953 चा वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा पेपर हजार शब्दांचाही नव्हता. लिहायला सुरुवात पद्धतीपासून करा, ती तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत असते. मग निष्कर्ष, मग चर्चा, प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळं झाल्यावर, कारण काय सापडलं हे तेव्हाच नक्की झालेलं असतं.