दहाव्या दिवशीचे हसू

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या अण्णांच्या दशक्रियेसाठी आम्ही रामकुंडावर गेलो होतो. पिंड मांडून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. मुलांनी आळीपाळीने हात जोडून 'आईला सांभाळू, घर विकणार नाही' अशी सगळी वचने देऊन झाली, आणि तेवढ्यात अण्णांचा भाचा हलकेच म्हणाला, "मामी, भात अळणी आहे. मामा ताट सरकवून बसले असणार." आयुष्यभर पहिल्याच घासाला 'मीठ कमी आहे' म्हणणाऱ्या त्या माणसाची पत्नी सर्वांत आधी हसली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. (कावळ्याचे म्हणाल, तर त्या सकाळी घाटावर पिंडांच्या रांगा लागल्या होत्या, आणि पोट भरलेला पक्षी कोणाच्याच भातासाठी घाई करत नाही, त्याचा अर्थ मृताच्या अतृप्त इच्छेत शोधून घरच्यांना उन्हात उभे करण्याचे काही कारण नाही.)

असे हसणे म्हणजे निर्दयपणा, हा समज सार्वत्रिक आहे. 'नवरा मरो की नवरी मरो, उपाध्यायाला दक्षिणेशी काम' असे सहज बोलून जाणाऱ्या आपल्या भाषेत तरी तो नसायला हवा होता. अशा हसण्यामागे मनाची एक मोजता येण्याजोगी यंत्रणा आहे आणि मला तिचे फार आकर्षण आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांताला मराठीत 'निरुपद्रवी उल्लंघन' म्हणता येईल. जगाच्या रीतीला कुठेतरी धक्का बसला पाहिजे आणि त्याच क्षणी तो धक्का बिनधोक आहे असेही वाटले पाहिजे. या दोन जाणिवा एकत्र आल्या तरच हसू फुटते. गुदगुल्यांचे उदाहरण घ्या. स्वतःला केलेल्या गुदगुल्यांत उल्लंघनच नसते, अनोळखी माणसाने बसमध्ये केल्या तर त्या निरुपद्रवी राहत नाहीत, आणि मित्राने केल्या की आपण हसतो.

मृत्यूसारखे मोठे उल्लंघन बिनधोक होते ते मुख्यतः अंतरामुळे, मग ते काळाचे असो, स्थळाचे असो वा नात्याचे. मात्र अंतर वाढवत नेले की विनोद वाढतच जातो, असे नाही. काल पायाला ठेच लागल्याची गोष्ट आज हसवते, पाच वर्षांनी ती कोणी ऐकूनही घेत नाही; मोटारीने उडवल्याची गोष्ट याच्या अगदी उलट वागते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळले, तेव्हा याच संशोधकांनी वादळावरचे तेच ते विनोद वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवून किती हसू आले ते विचारले. वादळ येण्याआधी, म्हणजे हानी अजून कल्पनेतच होती तेव्हा, विनोद बऱ्यापैकी चालले. हानी दिसू लागली तसे ते पडले आणि सुमारे १५ दिवसांनी तळाला गेले. मग चढत चढत ३६ व्या दिवसाच्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि ९९ व्या दिवसापर्यंत पुन्हा उतरले. आलेखाची उतरती बाजू मला अधिक बोलकी वाटते, कारण दुःख पुरेसे दूर गेले की उल्लंघनच उरत नाही आणि विनोदाला आधार देणारा ताणही सुटतो.

मग दहाव्याच दिवशी अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, कशा हसल्या? धक्का बिनधोक होण्याचा दुसराही मार्ग या सिद्धांतात आहे: एक नियम मोडत असताना दुसरा एखादा नियम त्याला परवानगी देतो. विधीच्या गांभीर्याला भाच्याने तडा दिला, पण तो अण्णांच्या खोडीवर घरात नेहमी चालणाऱ्या थट्टेच्या हक्काने. तेच वाक्य मी, शेजाऱ्याने, उच्चारले असते तर मला घाटावरून चालत घरी यावे लागले असते.

काकूंचे हसू खोटे नव्हते, हेही सांगता येते. उपचाराचे हसू केवळ ओठांचे कोपरे वर खेचते. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा 'ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय' हा वर्तुळाकार स्नायूही आकुंचन पावतो, आणि तो हुकमाने आवळणे सगळ्यांनाच साधत नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी त्याच्याविषयी बोलताना जे असे डोळ्यांनिशी हसले, त्यांचा मानसिक त्रास कमी असल्याचे आढळले. हसल्यामुळे त्रास कमी झाला की त्रास कमी होता म्हणून हसता आले, हे त्यावरून ठरत नाही.

'काळा विनोद आवडणारे अधिक बुद्धिमान असतात' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेशही असाच जपून वाचावा. त्यामागचा व्हिएन्नातील २०१७ चा अभ्यास खरा आहे, पण तो १५६ जणांवर आणि १२ व्यंगचित्रांवर बेतलेला होता. शिवाय ज्या गटाला ती चित्रे सर्वाधिक कळली आणि आवडली, त्या गटात आक्रमकताही कमी होती, हा भाग संदेश पुढे ढकलणारे बहुधा गाळतात.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला भाच्याने मिठाचा तोच विनोद पुन्हा केला. कोणी हसले नाही. काकूंनी फक्त पानात मीठ वाढले आहे ना, ते पाहिले.