ग्रेपला सरकी सापडत नाही, मटला सापडते

जिनिंगचा हंगाम सुरू झाला की अमळनेर-धरणगावकडच्या एखाद्या ऑफिसातून मला ठरलेला फोन येतो, "भो, मेल उडी गयात." उडालेले नसतात. कोणीतरी मेलच्या साठ्यावर ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) चालवून "सरकी" शोधलेलं असतं आणि पडद्यावर काहीच आलेलं नसतं. गेल्या हंगामात एका ऑफिसनं त्या कोऱ्या पडद्याच्या भरवशावर व्यापाऱ्याला सुनावलं, "तुम्ही भाव कळवलाच नव्हता." मेल तिथेच होता. मी तो काढून दिला, पण तोवर दोघांचं बोलणं तुटलं होतं. म्हणून हे एकदा नीट लिहितो.

ग्रेप तुम्हाला येतो. 1973 मध्ये केन थॉम्सनच्या हातून आलेला, ओळ घेऊन पॅटर्नशी ताडणारा. मट हा टर्मिनलमधला मेल वाचायचा प्रोग्राम. शोधायला त्यालाही रेग्युलर एक्स्प्रेशनच (शोधायचा पॅटर्न चिन्हांत लिहायची पद्धत) लागतं, म्हणून लोक दोघांना एकाच मापानं मोजतात. ग्रेप ओळ दाखवतो, मट अख्खा मेल दाखवतो, हा फरक दोन दिवसांत अंगवळणी पडतो. त्यानं कोणाचं नुकसान होत नाही.

नुकसान दुसऱ्याच गोष्टीनं होतं. ग्रेप फाइलमधले बाइट जसेच्या तसे वाचतो, आणि मेल फाइलमध्ये तुम्हाला दिसतो तसा पडलेला नसतो. मेलची मूळ व्यवस्था सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. त्यामुळे देवनागरी मजकूर बहुतेक वेळा बेस64 किंवा कोटेड-प्रिंटेबल या वेष्टनात गुंडाळून पाठवला जातो, आणि साठ्यातही त्या वेष्टनासकटच राहतो. गूगल टेकआउटमधून (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) उतरवलेल्या एमबॉक्स फाइलमध्येही, म्हणजे सगळे मेल एकत्र असलेल्या फाइलमध्येही, हेच.

"सरकी" घ्या. स, र, क आणि वेलांटी, अशी चार चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 12. बेस64 दर 3 बाइटांची 4 अक्षरं करतं, म्हणून फाइलमध्ये सरकीच्या जागी 16 इंग्रजी अक्षर-आकडे बसतात. शब्द मजकुराच्या अगदी सुरुवातीला असेल तर त्यातली प्रत्येक चौकडी 4 हा आकडा आणि कॅपिटल के यांनी सुरू होते. पण शब्दाआधी एक स्पेस आली की सगळे बाइट एका घरानं सरकतात आणि तोच शब्द वेगळाच दिसतो. दोन स्पेस आल्या की तिसरंच रूप. त्यात दर 76 अक्षरांच्या आत ओळ तोडावी लागते, ती शब्दाच्या मधोमधही तुटते. "ती इंग्रजी अक्षरं शोधून घेतो की" म्हणणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

आणखी एक. मजकूर बेस64 मध्ये असेल तर त्यातला इंग्रजी आकड्यातला बिल नंबरही झाकला जातो. साध्या इंग्रजी मेलमधला नंबर मात्र ग्रेपला लगेच मिळतो, आणि तिथेच माणूस फसतो. दहा वेळा सापडलं, अकराव्यांदा नाही, म्हणजे मेलच नाही असं धरून बसतो. मेलच्या साठ्यावर ग्रेपला काही मिळालं नाही, याचा अर्थ मी "मेल नाही" असा कधीच लावत नाही.

मट आधी वेष्टन सोडतो, मग पॅटर्न लावतो. थरो-सर्च ही सेटिंग चालू हवी. ती बंद असेल तर मटही कच्चे बाइटच चाळतो आणि तुम्ही पुन्हा तिथेच. फाइल डॅश-एफ देऊन उघडा, सोबत डॅश-आर (हा आर कॅपिटल, बाकी अक्षरं छोटी) द्या म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. मग यादी गाळायला एल दाबून टिल्डा-बी (~b) आणि सरकी. टिल्डा-बी अख्खा मजकूर सोडवतो म्हणून वेळ घेतो. पाठवणारा ठाऊक असेल तर टिल्डा-एफही जोडा. पीडीएफच्या पोटातलं दोघांनाही दिसत नाही, ते उघडूनच बघायचं.

पॅटर्नमध्ये फुलीचा तारा टाकायची सवय मला खटकते. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो तिथे, तारा म्हणजे "पुढे काहीही", रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये "आधीचं चिन्ह शून्य किंवा अधिक वेळा". "सरकी*" लिहिलंत तर वेलांटी नसली तरी चालते, म्हणजे "सरकार" असलेला प्रत्येक मेल पुढ्यात येतो. नुसतं "सरकी" पुरतं.

आणि "शेतकऱ्याला" शोधताना जपून. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतं, कोणी साध्या र ला हलंत देऊन न दिसणारं जोडचिन्ह घालतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट निराळे. इथे वेष्टन सोडवूनही मट एकच तऱ्हा पकडतो. मी सरळ "शेतक.*याला" टाकतो (टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, म्हणून इथे तारा चालतो), दोन्ही येतात.