साध्या फोनवर मराठी पान कसं उतरायचं?

लातूरच्या मोंढ्यात आज सोयाबीन काय भावानं गेलं, हे आता बांधावर उभं राहूनही कळतं. बटणाच्या फोनच्या काळात त्यासाठी बरीच उठाठेव लागे. 1999 मध्ये आलेल्या नोकिया 7110 चा पडदा जेमतेम 96 बाय 65 ठिपक्यांचा, रंगांचं नाव नाही. साध्या जीएसएम कॉलवरून डेटा सेकंदाला 9.6 किलोबिटनं येई. म्हणजे 60 किलोबाइटच्या वेबपानाला जवळपास मिनिट, आणि मीटर चालू!

यावर तोडगा निघाला वॅपचा, म्हणजे साध्या फोनवर इंटरनेटची पानं दाखवायच्या पद्धतीचा. फोनचं काम फोन आणि इंटरनेट यांच्या मधल्या गेटवे सर्व्हरवर टाकायचं. पानं डब्ल्यूएमएल भाषेत, पत्त्यांच्या कॅटासारखी रचलेली: अख्खा कॅट एकदाच उतरवायचा, मग एकेक पत्ता पलटत वाचायचा. पत्ता कुठे सुरू होतो ते सांगणारी ‘कार्ड’ ही खूण इंग्रजीत कंसांसह सहा चिन्हांची. गेटवे तिच्या जागी एकच बाइट पाठवी.

ही काटकसर इंग्रजीपुरती ठीक. मराठीचं दुखणं वेगळंच होतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘पाऊस’ म्हटलं की 12 बाइट गेले. शिवाय बहुतेक फोनांत देवनागरी फॉन्टच नसे, म्हणून बातमीच्या जागी नुसते चौकोन. आणि फॉन्ट असून भागतं थोडंच? ‘स्थिती’ साठवताना पहिली वेलांटी ‘थ’च्या मागून येते, पडद्यावर मात्र ती ‘स’च्याही आधी काढावी लागते. ही जुळणी त्या फोनांना जमत नसे.

2006 च्या जानेवारीत ऑपेरा मिनी हा फोनवरचा ब्राउझर जगभर खुला झाला. पानाची मांडणी सर्व्हरवरच उरकून तो दाबून बारीक केलेला मजकूर फोनला देई. वेबसाइटच्या पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टची सोय चालू केली, की सर्व्हर अक्षरं स्वतः जुळवून त्यांची चित्रं धाडी. माझ्या मते मराठी वाचकाला त्या काळात मिळालेली ही सगळ्यात कामाची युक्ती. बीड-परभणीकडच्या एसटी स्टँडावर गाडीची वाट बघताना बटणाच्या फोनवर मराठी बातम्या वाचता आल्या त्या अशा. पान थोडं जड व्हायचं, पण चौकोन वाचण्यापेक्षा बरं.

बँकेचं काम मात्र ऑपेरा मिनीवरून करणं धोक्याचंच. पान दाबायचं तर सर्व्हरला ते आधी उलगडावं लागे, सुरक्षित म्हणवणारंसुद्धा. त्यामुळे पासवर्ड वाटेत त्याच्यासमोर उघडाच पडे.